जुनी डिझेल गाडी : आधी गिअर पाहा, मग गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कापसाचा चुकारा हाती आला, तुरीला बरा भाव मिळाला किंवा पतसंस्थेचे कर्ज मंजूर झाले, की आपल्या वऱ्हाडातल्या घरांमध्ये एक विषय हमखास निघतो. एखादी जुनी चारचाकी पाहायची का? त्यामागे हौस कमी आणि गरज जास्त असते. आईला तपासणीसाठी नागपूरला न्यायचे असते. नवराबायको दोघेही शिक्षक असतात आणि रोज अमरावतीहून दर्यापूरला किंवा अकोल्याहून मूर्तिजापूरला अप-डाऊन करून थकलेले असतात. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. मग पावले वळतात ती ऑटो डीलच्या रांगेकडे. तिथे पहिला प्रश्न असतो, "डिझेलमध्ये काही आहे का?" दुसरा, "ॲव्हरेज किती देते?" आणि तिसरा, "शेवटचा भाव काय?"

गिअरबद्दल मात्र कोणी विचारत नाही. गाडीला गिअर असणारच, त्यात काय विचारायचे, अशी आपली समजूत असते. ती पूर्वी खरी होती. आता एकाच नावाची, एकाच रंगाची, एकाच इंजिनाची गाडी दोन वेगवेगळ्या गिअरबॉक्समध्ये मिळते आणि पुढच्या पाच वर्षांत तुमच्या खिशातून किती पैसे जाणार हे पुष्कळसे त्यावर ठरते. म्हणून आज या निवडीबद्दल थोडे सविस्तर बोलू.

या गाड्या आल्या कुठून?

छोटी डिझेल गाडी सामान्य माणसाच्या दारात आणण्याचे मोठे श्रेय टाटांच्या इंडिकाला द्यावे लागते. १९९८ च्या डिसेंबरात ती लोकांसमोर आली. पुण्याजवळ पिंपरीला तयार होणारी, १४०५ सीसीचे साधे डिझेल इंजिन असलेली ही गाडी आवाज करायची, धक्के द्यायची. पण पाच माणसे आणि त्यांचे सामान घेऊन कमी खर्चात चालायची. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली आणि मग घरगुती गिऱ्हाईकही तिच्याकडे वळले.

दुसरा टप्पा फियाटच्या १२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनाचा. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आले. पुढे डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा किती तरी गाड्यांत हेच इंजिन, थोड्याफार फरकाने, बसवले गेले. मारुतीने ते परवान्याने मानेसरला बनवले, तर आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही ते तयार होत असे. म्हणूनच आज परतवाड्याच्या मिस्त्रीलाही हे इंजिन तोंडपाठ असते. त्याच सुमारास ह्युंदाई, फोर्ड, फोक्सवॅगन, होंडा, टोयोटा यांच्याही छोट्या डिझेल गाड्या बाजारात आल्या.

त्या काळी लोकांनी डिझेलकडे धाव घेतली, कारण २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावात लिटरमागे तीस रुपयांपर्यंत अंतर पडले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ते अंतर आटले. पुढे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ ची प्रदूषण मानके लागू झाली. छोट्या डिझेल इंजिनाला त्या मानकांत बसवणे फार महाग पडत असल्याने मारुतीने डिझेल बंदच केले. इतरांनीही एकेक करत हात आखडता घेतला. त्यामुळे आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्या २०२० पूर्वीच्या आहेत. म्हणजे त्यांतली सर्वात तरुण गाडीही पाच वर्षांच्या पुढची आहे, हे मनात धरूनच बाजारात उतरावे.

आधी आपले किलोमीटर मोजा

गिअरकडे जाण्यापूर्वी एक हिशेब करू. सोयीसाठी पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरू. तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला. छोटी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि तशीच डिझेल गाडी २० किलोमीटर गेली, तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या थोडा वर आणि डिझेलचा चार रुपये साठ पैसे येतो. म्हणजे किलोमीटरमागे साधारण दोन रुपये वाचतात.

आता रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर अप-डाऊन करणारे एखादे शिक्षक दांपत्य घ्या. वर्षाचे २२० दिवस धरले तर २२ हजार किलोमीटर होतात आणि ४४ हजार रुपये वाचतात. अशा घराने डिझेल जरूर घ्यावे. पण शहरातच राहणारे, मुलाला क्लासला सोडणारे, भाजी आणणारे आणि वर्षातून पाच-सहा वेळा नागपूरला जाणारे कुटुंब पाच हजार किलोमीटरही मुश्किलीने पुरे करते. त्याची वार्षिक बचत दहा हजार. डिझेल गाडीचे चार इंजेक्टर किंवा टर्बो बदलायची पाळी आली, तर अशी कित्येक वर्षांची बचत एका दिवसात गॅरेजमध्ये जाते. अशा घराने सरळ पेट्रोल पाहावे.

२०२० नंतरची डिझेल घेणाऱ्याने तर हे अधिकच लक्षात ठेवावे. त्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडकलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग काही वेळ चालावी लागते. राजकमल चौक ते गाडगेनगर एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा तो फिल्टर तुंबतो.

गिअरचे प्रकार

आता मुख्य विषय. जुन्या छोट्या डिझेल गाड्यांत गिअरबॉक्स मुख्यतः चार प्रकारचे भेटतात.

पहिला आपला नेहमीचा, म्हणजे मॅन्युअल. तीन पायडल, हाताने टाकायचे पाच गिअर. यात झिजणारी मुख्य वस्तू म्हणजे क्लच प्लेट. ती कुठेही मिळते आणि कोणताही जाणता मिस्त्री ती बदलून देतो. काही गाड्यांत मात्र धक्के शोषणारे दुहेरी फ्लायव्हील असते. ते खराब झाले तर खर्च क्लच प्लेटच्या कितीतरी पट होतो. म्हणून आपण पाहत असलेल्या गाडीत ते आहे का, एवढे मिस्त्रीला विचारून ठेवावे.

दुसरा प्रकार एएमटी. याला लोक सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात, पण आत गिअरबॉक्स तोच असतो, मॅन्युअलचा. क्लच प्लेटही तीच. फक्त तुमच्या डाव्या पायाचे आणि हाताचे काम एक यंत्र करते. भारतात मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओ पेट्रोलमध्ये हे आणले. डिझेलमध्ये त्याच वर्षी टाटा झेस्टला, २०१६ मध्ये डिझायरला आणि २०१८ मध्ये स्विफ्टला ते मिळाले. ॲव्हरेज मॅन्युअलच्या जवळपासच राहते, हा याचा मोठा गुण. गिअर बदलताना गाडी क्षणभर मान डोलावल्यासारखी थबकते, हा स्वभाव. पण क्लच झिजतोच, आणि तो बदलल्यावर नव्या प्लेटची ओळख त्या यंत्राला संगणक लावून करून द्यावी लागते. हे काम करणारा माणूस आपल्या गावात आहे का, हा खरा प्रश्न.

तिसरा प्रकार दुहेरी क्लचचा. फोक्सवॅगनच्या २०१६ च्या अमिओ डिझेलमध्ये तो होता. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवतो. त्यामुळे गिअर लोण्यासारखे बदलतात. पण छोट्या गाड्यांतला हा क्लच कोरडा असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. अशा उन्हात, लग्नसराईच्या गर्दीत इंचाइंचाने सरकताना तो तापतो. दुरुस्ती करणारे कमी आणि खर्च मोठा.

चौथा सीव्हीटी. २०१८ च्या होंडा अमेझ डिझेलमध्ये हा मिळतो. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांवरचा पोलादी पट्टा यांच्यामुळे वेग अखंड बदलत जातो. गर्दीत चालवायला यासारखे सुख नाही. मात्र याचे तेल वेगळे असते आणि ते वेळेवर बदललेले असणे ही त्याच्या आयुष्याची अट आहे.

कोणी काय घ्यावे?

हे ठरवताना गाडीच्या आधी आपला रस्ता आणि आपले गुडघे पाहावेत.

अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ चा टप्पा. याच रस्त्यावर लोणी ते माना या भागात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा अखंड टाकून गिनीज विक्रम झाला होता. ज्यांचे अप-डाऊन अशा सपाट, मोकळ्या रस्त्यावरून आहे, त्यांना मॅन्युअलचा त्रास नाही. एकदा पाचवा गिअर पडला की बराच वेळ क्लचला पाय लावावा लागत नाही. अशांनी ऑटोमॅटिकसाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही. तेच पैसे टायर, बॅटरी आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी ठेवावेत.

ज्यांची शेती पांदण रस्त्यावर आहे, त्यांनी तर मॅन्युअलच घ्यावी. आपली काळी माती पावसात कशी होते ते सांगायला नको. चाके चिखलात फिरू लागली की गाडी पुढे-मागे डोलवून काढावी लागते, आणि क्लच आपल्या पायाखाली असला तर किती दाबायचा, किती सोडायचा हे आपण ठरवतो. एएमटीचे यंत्र अशा वेळी गोंधळते आणि क्लच जाळते. शिवाय शेतात बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी धक्का मारून सुरू होते. ऑटोमॅटिकला ती सोय नाही.

चिखलदऱ्याला वारंवार जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. परतवाड्याहून वर चढत आपण सुमारे ११०० मीटर उंचीवर पोचतो. मल्टिजेटसारख्या इंजिनांचा खरा जोर टर्बो जागा झाल्यावर, म्हणजे २००० फेऱ्यांच्या आसपास येतो. त्याखाली गाडी सुस्त वाटते. वळणावर दुसरा गिअर कधी टाकायचा हे सरावलेल्या चालकाला आधीच कळते. यंत्राला ते वळण दिसत नाही. घाट उतरताना तर नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवायचाच नाही. मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा गिअर ठेवून उतरावे. एएमटी असेल तर गिअर स्वतः निवडण्याची सोय वापरावी. ती सोय बहुतेकांना ठाऊकच नसते.

मग ऑटोमॅटिक कोणासाठी? ज्यांचा डावा गुडघा दुखतो, कंबरेचा त्रास आहे किंवा पन्नाशीनंतर गाडी शिकायची आहे, त्यांच्यासाठी. आपल्याकडे निवृत्त काका-काकू केवळ क्लचच्या भीतीने गाडी दारात उभी ठेवतात आणि मुलगा पुण्याहून येण्याची वाट पाहतात. त्यांना एएमटीने मोकळीक मिळत असेल, तर तो खर्च वाया गेला असे कोण म्हणेल? फक्त दोन पथ्ये पाळावीत. चढावर थांबल्यावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेकवर धरायची. आणि बॅटरी अशक्त होऊ द्यायची नाही, कारण ते यंत्र विजेवर चालते. दुहेरी क्लच किंवा सीव्हीटी घ्यायची असेल, तर सर्व्हिसिंगची पूर्ण वही असलेलीच गाडी घ्यावी आणि नागपूरपर्यंत जावे लागेल अशी तयारी ठेवावी.

गाडी पाहायला जाताना

मिस्त्रीला सोबत न्या आणि सकाळी लवकर जा. इंजिन थंड असले पाहिजे. एका गॅरेजमध्ये ऐकलेला हा सल्ला त्यांच्याच बोलीत सांगतो : "सर, बॉनेटवर हात ठेवून पाहा पहिले. गरम असन, त समजा त्यानं आपण याच्या आधीच सुरू करून ठेवली. कायले ठेवली, ते त्याले विचारा."

थंड इंजिन एका सेल्फमध्ये सुरू व्हावे. सुरू होताना थोडा धूर चालेल. पण निळा धूर सुरूच राहिला तर इंजिन तेल जाळते आहे, आणि पांढरा धूर थांबतच नसेल तर इंजेक्टर किंवा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण हळूच सैल करा. भकभक वाफ बाहेर येत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे. अशा गाडीला नमस्कार करून निघावे.

मग रेडिएटर, पण तो इंजिन थंड असतानाच उघडावा. पूर्णेच्या दोन्ही काठांचा आपला खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे. त्या भागात वापरलेल्या गाडीत कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतलेले असू शकते. झाकणाखाली पांढरट थर किंवा गंजाचा रंग दिसला तर समजून घ्यावे. तसेच शेतातल्या ड्रममधले डिझेल. त्यात पाणी आणि धूळ असते. जुनी इंडिका ते पचवून घ्यायची. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाने फवारले जाते, तिथे बारीकसा कणही इंजेक्टरला महाग पडतो. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे म्हणूनच विचारायचे.

आता गिअरची परीक्षा. मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला ठेवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज एकदम चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट संपली आहे. क्लचचा पाय अगदी शेवटी सोडल्यावर गाडी उचलत असेल तरी तेच. तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना करकर आवाज आला, किंवा पडलेला गिअर आपोआप निसटला, तर बिघाड बॉक्सच्या आत आहे. क्लच संपला म्हणून गाडी नाकारू नका, तेवढा भाव कमी करून घ्या. बॉक्स आवाज करत असेल तर मात्र सोडून द्या.

एएमटी असेल तर उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून पुन्हा निघा. गाडी थरथरत असेल, मागे घसरत असेल किंवा जळका वास येत असेल तर क्लचचे आयुष्य थोडेच उरले आहे. पुढचा आणि रिव्हर्स गिअर पाच-सहा वेळा आलटून पालटून टाका, दर वेळी तो लगेच पडला पाहिजे. संगणक लावून क्लचची झीज पाहता आली तर उत्तम.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटर मागे करणे अवघड राहिलेले नाही. पण ६० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे क्लच पायडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, स्टिअरिंग चकाकत असेल आणि ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसली असेल, तर खरा आकडा तिथे वाचावा.

गाडीची कंपनी आज देशात आहे का, तेही पाहा. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही खरोखर चांगल्याही आहेत. पण गिअरबॉक्सचा भाग लागला तर तो कुठून येईल, हे बयाणा देण्यापूर्वी आपल्या मिस्त्रीला विचारावे.

कागदांची बाजू

आपली अमरावतीची गाडी एमएच २७, अकोल्याची एमएच ३०. रांगेत दिल्लीच्या नंबरची गाडी दिसली आणि भाव फारच कमी वाटला तर कारण समजून घ्या. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी करणारा हरित लवादाचा आदेश २०१५ मध्ये आला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर तिथल्या पुष्कळ गाड्या इतर राज्यांच्या वाटेला लागल्या. अशी गाडी घेतल्यास तिथल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, इथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी संपते.

नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, आधीची गाडी टॅक्सी पासिंगची होती का, विमा चालू आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यालाही आरटीओचे प्राधिकारपत्र लागते, ते मागायला संकोच करू नका. आणि गाडी लगेच नावावर करून घ्या. विमाही नावावर करून घ्या. मालकाचा नो क्लेम बोनस मात्र तुमच्याकडे येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तेव्हा बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना तोही खर्च धरावा.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात गाडी एकदाच घेतली जाते आणि त्यासाठी एका हंगामाचे किंवा कित्येक वर्षांच्या बचतीचे पैसे लागतात. विकणाऱ्याला घाई असते, आपल्याला नसावी. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या वर फिरणे असेल तर डिझेल, आणि गुडघ्याची तक्रार नसेल तर मॅन्युअल. एवढे घरूनच ठरवून निघालात, तर रांगेतल्या वीस गाड्यांपैकी पाहण्यासारख्या दोन-तीनच उरतील. त्या दोन-तीन मात्र सकाळच्या थंड इंजिनावर, मिस्त्रीसोबत, अगदी निवांतपणे पाहा.